भिजलेला दोर

पुलावरनं एसटी जाती तवा नातू म्हणतो, "आजी, भीमा आली." मी मान वळवून खाली बघीस्तवर भीमा गेल्याली असती. अशी नदी वलांडत्यात व्हय? आमच्या वक्ताला पल्याड जायाचं म्हणजे आधी काठावर बसायचं, पान खायाचं, वाऱ्याला शिव्या घालायच्या, नावाड्याच्या नावानं वरडायचं. नाव येईस्तवर दोन्ही गावच्या सोयरिकी बोलून व्हायच्या. आता खिडकीतनं वारं खायाचं आन् पुढल्या थांब्याला उतरायचं. मला तर बाई ते वलांडल्यावाणी वाटतच न्हाई.

ती नाव आमची हुती. म्हणजे माझ्या सासऱ्यांची, कोंडाजी नावाड्यांची. खेडाच्या वरल्या अंगाला भीमा वळसा घेती, तिथं अल्याड आमचं गाव आन् पल्याड आसरेवाडी. माझं माहेर इंद्रायणीकाठचं, देहूच्या पार खाली. बाप जाळी विणायचा, म्हणून पाणी आन् दोर मला नवं नव्हतं. पर शिडाची नाव मी सासरी आल्यावरच बघितली. मांजरपाटाचं शीड, बाभळीच्या सालीत उकळून तांबूस केल्यालं. वारं भरलं की ते असं फुगायचं, काय सांगू! पहिल्या दिशी मी घागर घेऊन काठावर उभी ऱ्हायले ती पाणी भरायचंच इसरले. सासू वरडली तवा भानावर आले.

पावसाळ्यात मावळतीचा वारा पाण्याच्या सोबतीनं नदीच्या अंगानं वाहायचा. नुसती वल्ही मारली तर नाव पल्याड लागीस्तवर चार शेतं खाली जायाची. शीड आडवं धरलं की त्योच वारा नावंला पल्याड रेटायचा, आन् येताना बी त्योच कामाला यायचा. शिडाच्या खालच्या टोकाला एक दोर. त्यो मागं नावाड्याच्या हातात. डाव्या हातात सुकाणू, उजव्यात दोर. वारं मऊ झालं की वढायचा, झोत आला की सैल सोडायचा. बास, एवढंच. पर त्यो दोर खुंटीला बांधायचा न्हाई, कदीच न्हाई. झोत आला आन् दोर सुटला न्हाई तर नाव पालथी. मामंजी जेवताना सुद्धा मधीच हे सांगायचं, जसं काय आमी ताटावरनं उठून दोर बांधायला निघालोय.

आखाडाच्या शेवटच्या मंगळवारी आमच्या यमाईची काठी पल्याडच्या साती आसरांना, पाण्यातल्या देवींना, भेटाय जायाची. पुढल्या मंगळवारी परत यायची. त्या दोन खेपांना वल्ह्याला हात लावायचा न्हाई. शिडावर जायाचं, दोर नावाड्याच्या हातात. जो काठी सुखरूप नेऊन आणील, वरीसभर नदी त्याची. लगीन असो, बाळंतीण असो, खेडच्या बाजाराचं धान्य असो, सगळं त्याच्याच नावंतनं. मामंजींनी तरणेपणापासनं ती काठी दुसऱ्याच्या हातात जाऊ दिली नव्हती. त्यांचं चुलतभाऊ भिमाजी, अंगानं धट्टंकट्टं, त्यांची बी एक बारकी नाव हुती. ते वाळू वाहायचं आन् वाट बघायचं.

माझ्या लग्नाला दोन वर्सं झाली, अठ्ठावन्न सालची गोष्ट. थंडीत नाव काठावर वढताना मामंजींचा उजवा हात नाव आन् कातळाच्या मधी सापडला. हळद लावली, शेकलं, हाड बसवणाऱ्याला दाखवलं. सूज उतरली. वरनं हात चांगला दिसाय लागला. पर मूठ काय वळंना. मधली दोन बोटं काठीवाणी ताठ, आन् बाकीच्यात जोर न्हाई. हे आमाला घरात ठावं, गावात कुणाला न्हाई. मामंजी हात उपरण्याखाली घालून हिंडायचं. उन्हाळ्यात नदी गुडघाभर, नाव लागत नव्हती, म्हणून झाकलं गेलं. जेवायच्या वक्ताला आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई मंजुळाबाई, दार लोटून घ्यायच्या आन् भाकरी कालवणात कुस्करून ताट म्होरं सारायच्या. मामंजी ताटाकडं बघायचं न्हाई, भिंतीकडं बघत खायाचं. मला त्या वक्ताला चुलीतनं मान वर काढू वाटायची न्हाई.

आमचं मालक पिंपरीला कंपनीत फिटर. नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात चाल न्हाई, पर आता म्हातारपणी कोन बोलायला येतंय? ज्योतीराम त्यांचं नाव. तवा पिंपरीला नुकत्याच कंपन्या येत हुत्या. माळावर नुसती शेडं, आन् लोक म्हणायचं, कोंडाजीच्या पोरानं पाणी सोडून लोखंड धरलं. शनिवारी दिवेलागणीला हे सायकलवर घरी यायचं, कपड्याला त्येलाचा वास. मला त्यो वास लई आवडायचा. सांगायची सोय नव्हती, पर आवडायचा.

जेठ लागला तसं हे एका शनिवारी गोणपाटात काय तरी बांधून आलं. ओट्यावर सोडलं तर लोखंडाच्या कप्प्या, तारेचा दोर आन् दोन्हीकडनं फिरवून ताणायचं पेच. साहेबाला विचारून भंगारातनं घेतल्यालं आन् सुट्टीच्या वक्तात आपल्या हातानं कातल्यालं.

"दादा, नाव नीट करू," हे बापाला म्हणालं. "डोलकाठीला ताण द्यायला अंबाडीच्या दोराऐवजी तार लावू. शिडाचा दोर हातात येतो तिथं कप्पी लावू. निम्म्या जोरात काम हुईल."

मामंजींनी कप्पी पायाच्या अंगठ्यानं उलथी केली. "कप्पी? नाव हाय का इहीर हाय रं? पाणी शेंदायचंय व्हय तुला नावंनं?"

"हाताला आराम पडंल."

"माझ्या हाताला काय झालंय?"

मंग आत्याबाई आतनं म्हणाल्या, "काय बी झालं न्हाई. भिमाजी भावजी काठी नेतील, तुमी काठावर बसून बघा. हात मस्त चांगला हाय."

आमच्या आत्याबाईंचं बोलणं असंच. सरळ कापायच्या, मंग वर मीठ. मामंजी उठून नदीकडं गेलं, आन् दुसऱ्या दिशी सकाळी बघतो तर नाव निम्मी उतरवून ठेवल्याली. डोलकाठी आडवी काढून, एकट्यानं, डाव्या हातानं. "म्हटलं, बघू तुझं लोखंड," एवढंच बोललं.

ते दिवस मला अजून आठवत्यात. कडक ऊन, नदीत फक्त वळणावरच्या डोहाला पाणी, आन् वाळूत आमी चौघं. हे गिरमिटानं भोकं पाडायचं, मी लाकूड धरून बसायची. भुसा उडून केसात जायाचा. आत्याबाई करंजीचं त्येल घेऊन डोलकाठीला चोळायच्या आन् नवीन दोर वळायच्या. त्यांच्यासारखा दोर वळणारं माणूस मी परत बघितलं न्हाई. मांडीवर अंबाडी घ्यायच्या आन् अशा फिरवायच्या की बघत ऱ्हावं. ह्यांनी त्या दोराचं माप चिमट्यानं घेतलं आन् कप्पीची खाच पुन्ना कंपनीत जाऊन बरोबर त्या मापाची करून आणली.

"बघ," मला दाखवून म्हणालं. "दोर बसतोय का न्हाई? सूतभर बी ढिलं न्हाई. कंपनीत असंच काम लागतं."

मी म्हटलं, "बाई, किती छान." काय कळत हुतं मला! माझा नवरा माझ्या तोंडाकडं बघून हसत हुता, तेवढंच मला दिसत हुतं.

जेठातलं वारं सुटलं तसं डोहात नाव घातली. सुकाणू ह्यांनी धरलं, दोर मामंजींनी. शीड भरलं. मामंजींनी दोर वढला आन् चमकून हाताकडं बघितलं. दोर जिथल्या तिथं. निसटत नव्हता, हिसके देत नव्हता. नुसता तळवा टेकवला तरी धरल्यावाणी ऱ्हायचा. मामंजींनी नाव डोहात फिरवली, परत फिरवली, आन् मोठ्यानं हसलं. ते दात दाखवून हसल्यालं मी घरात आल्यापासनं पहिल्यांदा बघितलं. "मंजुळे," काठावर बघून वरडलं, "तुझ्या पोरानं मला पुन्ना तरणा केला गं!"

आत्याबाईंनी पदर तोंडाला लावला. लाजल्या का रडल्या ते मला कळलं न्हाई.

मंग पाऊस लागला, आन् आखाडाचा शेवटचा मंगळवार आला. भीमा दोन्ही थड्या भरून गढूळ. सकाळपासनं झिमझिम चालू. नावंत यमाईची काठी घेऊन अर्जुनराव पाटील, त्यांच्या म्हाताऱ्या आई कौशल्याबाई, हलगीवाले दोघं आन् ओट्या घेतल्याल्या आत्याबाई, मी आन् गावच्या बायका. मालक रजा टाकून आल्यालं, म्होरं डोलकाठीपाशी उभं. मामंजी सुकाणूवर, डोक्याला नवा फेटा, मांडीवरनं दोर. काठावर भिमाजी काका हाताची घडी घालून.

निम्मी नदी झकास गेली. हलगी वाजत हुती. कौशल्याबाई म्हणाल्या, "कोंडाजी, औंदा नाव पाळण्यावाणी चालती रं." आन् वरल्या अंगानं झोत आला. पाण्यावर काळी रेघ पळत येताना मी बघितली. मामंजींनी दोर सैल सोडला, तर दोर जागचा हालंना. पावसात भिजून अंबाडी फुगल्याली, आन् त्या सूतभर बी ढिल्या नसल्याल्या खाचंत गच्च आवळून बसल्याली. मामंजी वढतंय, ढकलतंय, दोर म्हणजे जणू खिळा ठोकल्याला. बांधू नगं बांधू नगं म्हणून जल्मभर सांगितलं, आन् दोर आपला आपणच बांधला गेला हुता.

नाव कलंडली. खालच्या अंगानं पाणी आत आलं, नारळ तरंगाय लागलं. बायका किंचाळल्या. मामंजींनी सुकाणू सोडून दोन्ही हात कप्पीला घातलं. डावा हात वढत हुता, उजवा नुसता दोरावरनं घसरत हुता. पुन्ना धरायला जायाचं, पुन्ना घसरायचा. ते सगळ्यांनी बघितलं. त्यांनी उपरण्याखाली जपल्यालं सगळं त्या एका घटकंत उघडं पडलं. हे म्होरनं माणसं तुडवत यायला लागलं, पर त्याच्या आधी आत्याबाई उठल्या. नारळ फोडायला आणल्याला कोयता त्यांनी उचलला आन् स्वताच्या मांडीवर वळल्याला त्यो दोर एका घावात तोडला. शीड फडफडत सुटलं. नाव सरळ झाली.

वाहत जाऊन आमी पल्याडच्या एका बाभळीच्या बनात लागलो. कुणाला काय झालं न्हाई. काठी सुद्धा नीट. चिखल तुडवत सगळी आसरांपाशी गेली, ओटी भरली. पर परत निघायच्या आधी अर्जुनराव पाटील मामंजींच्या म्होरं येऊन उभं ऱ्हायलं. वाईट माणूस नव्हतं ते. आवाज बी चढवला न्हाई.

"कोंडाजी, मूठ वळ बघू."

मामंजींनी उपरणं हातावर वढून घेतलं.

"हात म्होरं कर आन् मूठ वळ."

मामंजींनी हात म्होरं केला. दोन्ही गावची माणसं बघत हुती. करंगळी वळली, अंगठा वळला. मधली बोटं तशीच ताठ. मामंजी त्या बोटांकडं असं बघत हुतं, जशी काय ती दुसऱ्याची हायेत. त्यांच्या कपाळावरनं पाणी गळत हुतं, पावसाचं का घामाचं देव जाणे. मला तवा पाटलाचा इतका राग आला, अजून येतो.

"पुढल्या मंगळवारी काठी परत आणायची हाय," पाटील म्हणालं. "तवर तुझं तू बघ. न्हाईतर भिमाजीची नाव येईल. लेकराबाळांची गोष्ट हाय, गड्या."

घरी आल्यावर मामंजी पाठ करून निजलं. ह्यांना तर तोंड दाखवायची सोय नव्हती. ओट्यावर बसून त्या कप्पीकडं बघत हुतं. "मीच बुडवत हुतो सगळ्यांस्नी," मला म्हणालं. "माप बरोबर घेतलं हुतं गं. माप चुकलं न्हाई माझं."

आत्याबाईंनी तुटल्याला दोर घागरीत बुडवून ठेवला. सकाळी हे पिंपरीला निघालं तवा टिपटिप गळणारा त्यो दोर सायकलच्या दांडीला गुंडाळून दिला. "आता मोज," म्हणाल्या. "माझ्या दोराला पाणी प्यायची सवय हाय. कंपनीतल्या दोराला नसंल." मंग ह्यांचं तोंड बघून पाठीवर हात ठेवला, आन् शेंगदाण्याच्या चटणीची पुरचुंडी खिशात कोंबली.

शनिवारी हे खाच रुंद करून आलं. ऐतवारी नदीला पाणी थोडं वसरल्यालं. वळणाच्या आडोशाला, गावाला दिसू नये असं, आमी नाव काढली. मी काठावर ऱ्हाणार हुते, पर पाणी उपसायला कोन तरी पायजे म्हणून मला घेतलं. दोर आधीच भिजवल्याला. शीड भरलं, आन् दोर त्या खाचंतनं कसा सरसर धावला! ह्यांचं तोंड फुललं.

आन् मामंजींच्या हातातनं दोर निसटला.

परत धरला, परत निसटला. मनगटाला गुंडाळून बघितला, कातडं सोललं. वारं काय फार नव्हतं. जोर तर कप्पीनं निम्माच केला हुता, माझ्यासारखीनं दोन बोटांवर धरला असता. पर धरायलाच बोटं नव्हती. मामंजींनी दोर सोडून दिला आन् शीड तसंच फडफडू दिलं.

"ज्योती," लई हळू म्हणालं, "त्या दिशी डोहात दोर मी धरला नव्हता रं. तुझ्या कप्पीनं धरला हुता."

कप्पी घट्ट केली तर पावसात नाव पालथी, आन् ढिली केली तर ह्यांच्या बापाचा हात उघडा. मधलं माप कुठंच नव्हतं. ते ह्यांना कळलं, मला कळलं, आन् मामंजींना आमच्या आधी कळलं हुतं.

"दातऱ्याची खुंटी करून आणतो," हे म्हणालं. "दोर चावून धरंल अशी."

"मंग बांधल्याला आन् चावल्याला ह्यात फरक काय?"

"मी धरतो दोर. मंगळवारी पुन्ना रजा टाकतो."

"मंगळवारी तू धरशील. बुधवारी कोन धरंल, तुझी कंपनी?"

शीड फडफडतच हुतं. त्या आवाजानं माझं डोकं उठलं. माझा सोभाव असा, चालू काम अर्धं सोडल्यालं बघवत न्हाई. मी पाणी उपसायचा डबा खाली ठेवला, दोर हातात घेतला आन् वढला. शीड गप झालं, नाव चालाय लागली. मला फक्त त्यो आवाज बंद करायचा हुता, देवाशप्पथ. पर मामंजी माझ्या हाताकडं बघाय लागलं. लई येळ बघितलं.

"मूठ आवळू नगं," म्हणालं. "बारक्या पोराचं बोट धरत्यात तसं धर. त्याला कळलं पायजे धरलंय, आन् आपल्याला कळलं पायजे कदी सोडायचं."

मी घाबरले. "मामंजी, मी कुठं…"

"वारं बघ. माझ्याकडं बघू नगं."

ऐतवार आन् सोमवार, त्या आडोशाला, मी दोर धरला. हातावर फोड आलं. सोमवारी आत्याबाईंनी फोडाला तूप लावलं आन् म्हणाल्या, "माझ्या नशिबी ह्या नावंचा दोर नुसता वळायचा हुता, धरायचा नव्हता. तू तरी धर." एवढं बोलून चुलीकडं वळल्या. मला त्यांचा हात धरून ठेवावासा वाटला.

मंगळवारी पाऊस झोडपत हुता. काठावर दोन नावा. भिमाजी काकांनी त्यांची नाव धुऊन झेंडूची माळ बांधल्याली. मामंजी सुकाणूवर जाऊन बसलं. मी पदर खोचून दोरापाशी बसले, तसा काठावर गलका उठला. कोन हसलं, कोन म्हणालं, आता बायका नावा हाकणार व्हय. माझं कान तापलं.

अर्जुनराव म्हणालं, "कोंडाजी, ही थट्टा न्हवं. दोर नावाड्याच्या हातात, ही चाल हाय."

मामंजी उभं ऱ्हायलं. उपरणं खांद्यावरनं काढून खाली ठेवलं, हात तसाच मोकळा सोडला. "माझा हात गेलाय," म्हणालं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "मी थंडीपासनं लपवला. आता लपवत न्हाई. नदी माझ्या डोक्यात हाय, ती कुठं गेली न्हाई. आजपासनं नावाडी दोघं. सुकाणू माझं, दोर माझ्या सुनंचा. नगं म्हणत असाल तर आत्ता उतरतो."

पाटील घुटमळलं. "देवीचं काम हाय. देवीला चालंल का?"

त्यांच्या आई कौशल्याबाई छत्रीखालनं फणकारल्या, "मागल्या मंगळवारी कोयता कुणी चालवला रं? का तवा देवीनं डोळं झाकलं हुतं? उगं पावसात उभं करू नगं मला, गुडघं दुखत्यात." आन् पहिल्यांदा त्याच नावंत चढल्या. म्हातारीला हात द्यायला पाटलाला यावंच लागलं, आन् आल्यावर बसावं बी लागलं. भिमाजी काकांनी आपल्या नावंकडं बघितलं, मंग आमची नाव खांदा लावून पाण्यात ढकलली. "व्हा म्होरं, पोरी," म्हणालं. "बुडालात तर मी हायेच मागं."

जाताना काय झालं न्हाई. काठी घेतली, हलगी लागली, परत फिरलो. मधोमध आलो आन् वरल्या अंगाला पाण्यावर तीच काळी रेघ. हलगीवाल्याचा हात थांबला. पाटलानं काठी छातीशी धरली. मी रेघेवरनं नजर हलवली न्हाई. झोत शिडाला लागायच्या आधी एक गार झुळूक येती, ती माझ्या गालाला लागली, आन् मी दोर सोडला. फुगल्याला, जाड झाल्याला दोर त्या रुंद खाचंतनं सरसर पळाला. शिडानं वारं सांडलं, नाव जरा कलली, सरळ झाली. मंग मी हातभर, हातभर करत दोर परत घेतला.

मामंजींनी "सोड" म्हणायला तोंड उघडल्यालं हुतं. ते तसंच ऱ्हायलं. त्यांनी तोंड मिटलं आन् काठ येईस्तवर एक शबुद बोललं न्हाई. मला वाटलं, रागावलं. माझं काय तरी चुकलं.

नाव आमच्या काठाला लागली. काठी उतरली, कौशल्याबाई उतरल्या, माणसं उतरली. ओलीचिंब सगळी, पर यमाईच्या नावानं असा गजर केला की बगळं उडालं. आत्याबाई काठावर पंचारती घेऊन उभ्या, हे त्यांच्यापाशी, रजा टाकून आल्यालं आन् आता कुठं हात ठेवावं ते न कळणारं. मी बी उतरले आन् नाव वढायला धरली. मामंजी बसूनच हुतं.

नावाडी सगळ्यात शेवटी उतरतो. आन् कुणाचा हात धरून उतरत न्हाई, ते त्याला कमीपणाचं. पाण्यात पडंल, पर हात धरणार न्हाई.

मामंजी उठलं, नावंच्या कडंला आलं. पाऊस लागतच हुता. दोन्ही गावं बघत हुती, भिमाजी काका बघत हुतं. त्यांनी उजवा हात माझ्याकडं केला, त्योच, ताठ बोटांचा.

"शालन," म्हणालं, "हात दे गं."

माझ्या डोळ्यांतलं पाणी काय थांबंना. मी त्यांचा हात धरला, आन् त्यांची बोटं वळत नव्हती म्हणून माझ्या दुसऱ्या हातानं ती माझ्या हातावर मिटवली. ते उतरलं. काठ चढून वर गेलो, माणसांच्या मधनं, पार घरापर्यंत, आन् त्यांनी हात सोडवून घेतला न्हाई.